दाट तिथी

डायरी एकच आहे, खताच्या दुकानानं दिलेली.
पुढून लिहितो लग्नं, मागून नाटक.
पुढून : सेलू, माणसं अकरा, उचल दोन हजार,
नवरदेव घोड्यावर नाही, जीपवर.
मागून : खुर्च्या चाळीस, काळं कापड सहा मीटर,
रुस्तुमला दुसरा अंक अजून पाठ नाही.
मेच्या आसपास दोन्ही अक्षरं समोरासमोर येतात,
एक सुलट, एक उलटं.

परभणीत प्रायोगिक नाटक करतो म्हणलं की
लोक विचारतात, प्रयोग म्हणजे शाळेतला का?
मी हो म्हणतो. वेळ वाचतो.

खाजा मास्तरच्या गुलशन बँडमध्ये मी ट्रम्पेट.
चौदा एप्रिलपासून पुढं महिनाभर
भीमगीतांच्या पार्टीत; ट्रम्पेट तेच, कोट निळा.
लाल कोटाची बटणं दैवशालानं उसवून नेलीत,
नाटकातल्या काटेवाल्याला पाहिजेत म्हणून.
मास्तर बघून म्हणले, रहने दे, हवा लगती.

दैवशालाचं नाटक असं :
एक बाई रोज जिनिंगच्या काट्यावर उभी राहते
आणि काटेवाला रोज तिचं वजन कमी सांगतो.
बस. दीड तास.
काटा होता बंद पडलेल्या जिनिंगात, जमिनीत रोवलेला.
निघंना. म्हणून नाटकच तिकडं नेलं.
तालमीत कापसाचे जुने पुंजके उडायचे,
रुस्तुमला वाक्याआधी शिंक यायची,
दैवशाला म्हणायची, असू दे, ठेव.

निर्माता मी.
म्हणजे जनरेटरचं डिझेल,
पोलीस परवानगीच्या तीन प्रती,
आणि कुणी मधेच उठलं तर
त्याच्या गाडीचा आवाज होऊ नये याची काळजी.

मग आला तो बारा मे, दोन्ही बाजूंनी लिहिलेला.
वरात साडेसहाला, गंगाखेड रोड. प्रयोग साडेआठला.
सोप्पंय, मीच म्हणलो होतो.
आठ वाजले, नऊ वाजत आले,
नवरदेवाचे दोस्त पन्नासाच्या नोटा दातात धरून
डांबरावर आडवे,
आणखी एक, मास्तर, आणखी एक.
खिशात फोन थरथरू लालता :
सुरू केलंय. लोक एकतीस. ये.
गाल फुगवून मी मांडवाला आनंद देत होतो
आणि डोक्यात त्या बाईचं वजन उतरत होतं,
बेचाळीस. एकेचाळीस. साडेचाळीस.

शेवटी काट्यावर कुणीच नसतं
आणि भिंतीपलीकडून एक लांब सूर येतो.
तो माझा. नाटकात मी तेवढाच.

मुंजाजीनं ढोल तसाच पाठीला बांधून गाडी हाणली.
पोचलो. भिंतीला टेकलो.
सुजलेल्या ओठांना ट्रम्पेट लावलं.
अडीच तास ज्यांनी अख्खा रस्ता नाचवला
ते ओठ एक सूर देईनात.
नुसती हवा गेली नळीतून,
रात्री पत्र्याखालून जाते तशी.
आत कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग टाळ्या, थोड्या, उशिरा.

दैवशाला बाहेर आली. म्हणली, हेच ठेवायचं.
अगं, वाजलंच नाही.
म्हणली, पुढच्या प्रयोगाला पण असाच वरात वाजवून ये.

गल्ला सहाशे वीस. खुर्च्यांचे आठशे.
वरातीतले माझे नऊशे होते म्हणून
खुर्चीवाला हसून गेला.
सगळे पांगल्यावर काट्यावर उभा राहिलो,
आधी ट्रम्पेटसकट, मग ते खाली ठेवून.
जुना काटा. दोन्हीदा तेवढंच दाखवलं.

मुंजाजी दारातून ओरडला,
उतर की बे, सकाळी सातला जिंतूरात
नवरदेव मारुतीला निघणारय.

कोट झटकला, अंगात घातला.
बटणं रुस्तुमकडंच राहिली होती,
आणि रुस्तुम तर घरी जाऊन झोपला असंल.