डाव्या कोपऱ्यातली लादी

पहाटे तीनला तुर्भ्याच्या कारखान्यात
बर्फाच्या चोवीस लाद्या भरतो.
भुसा, गोणपाट, वर ताडपत्री,
आणि उरण फाटा ओलांडून दिवाळ्याच्या जेट्टीवर.

चोवीसातली एक रोज हलकी निघायची.
डावीकडची, मागच्या चाकावरची.
कोपरा गोल झालेला,
चोखून बाहेर काढलेल्या खडीसाखरेसारखा.
गुणाबाय ती दोन्ही हातांनी उचलून बघायची,
खाली ठेवायची,
आणि वीस रुपये कमी द्यायची.
एक शब्द नाही.

चार महिने मी कारखान्याला शिव्या घातल्या.

मग एका दुपारी गाडीखाली शिरलो
आणि पाठीवर पडल्या पडल्या दिसलं,
पाइप गंजून फाटलाय, करंगळी जाईल एवढं भोक,
बरोबर त्याच्यावर हौद्याच्या पत्र्याचा रंग
पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटलेला.
म्हणजे वर बर्फ नेत होतो मी,
आणि खाली चूल.

कळंबोलीला लोखंड बाजाराच्या मागे
वर्गीसनं तीन तुकडे फरशीवर मांडले,
दोन, अडीच, तीन,
सोनार बांगड्या मांडतो तसे.
चाळीस वर्षं झाली त्याला इथे,
मराठी बोलतो, पण इंच मोजतो मल्याळीत.

'दोनमध्ये पुलाच्या चढावर श्वास कोंडेल,' म्हणाला,
'भरलेली गाडी आहे, गरम होईल, डिझेल पिईल.
तीनमध्ये नुसती बोंबलेल.'

'तीनच, मामा,' हर्षल म्हणाला.
भाचा माझा, वय एकोणीस, लायसन नवंकोरं.
'आपली गाडी आली की गावाला कळलं पाहिजे.'
पहाटे चारला
गावाला काय कळवायचं असतं बाबा?

वर्गीसनं बॉनेट उघडून टर्बोचं तोंड दाखवलं.
'तोंड एवढं. पुढे नरडं केवढं करशील?'
मग खाली वाकून दाखवलं,
मागच्या दांड्यावरून पाइप कसा कुबड काढून जातो,
आणि वाकवताना त्याचं पोट कसं चेपतं.
अडीच म्हणून घेतलेला
तिथं अडीच राहत नाही.
'माप सगळे सरळ भागाचं सांगतात,' म्हणाला,
आणि विडी पेटवायला उन्हात गेला.

मी तेवढ्यात तिन्ही तुकडे
एकेक करून दांड्यावर धरून बघितले.
तीन इंची धरला,
वर हौद्याखाली दोन बोटंच शिरली.
दोन इंचीला अख्खा पंजा उभा राहिला.
अडीचला मूठ गेली, जरा खरचटून.
त्या मुठीएवढ्या हवेतून
रोज बाराशे किलो थंडी न्यायची होती.

'अडीच,' मी म्हणालो. 'आणि वर पत्रा मार,
मध्ये काचेची लोकर भरून.'
हर्षल बोलला नाही.
वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे पाठ करून
मोबाइलमध्ये दुसऱ्याच कुणाची गाडी ऐकत बसला.

संध्याकाळी चावी फिरवली
तर माझीच गाडी मला ओळखू येईना.
घोगरेपणा गेलेला,
कुणीतरी खाकरून घसा साफ केल्यासारखा आवाज.
गल्लीत वळलो तर
रोज शेपूट हलवणारा आमचा काळू
चाकावर धावून आला,
माझा पाय खाली टेकेपर्यंत भुंकत राहिला,
मग वास घेऊन
ओशाळल्यासारखा पायरीखाली गेला.

दुसऱ्या दिवशी गुणाबायनं
सवयीनं त्याच लादीला हात घातला.
कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.
'आज ह्यो कोपरा नाय वितलला र.'
पदराच्या गाठीतून नोटा काढल्या,
वीस रुपये बाजूला काढले होते,
ते बघितले थोडा वेळ,
आणि परत गाठीत बांधले.
'चार महिने मना माहीत होता,' म्हणाली,
'तुला वाटला ना, बर्फच वायट हाय.'

हर्षल हौद्यात उभा होता.
वर्गीसकडून मागून आणलेला
तीन इंची तुकडा डोळ्याला लावून
होड्यांचे दिवे बघत होता.
'उतरव की लाद्या,' मी ओरडलो.
त्यानं तुकडा माझ्याकडे वळवला.
त्या गोलात मी
बहुतेक पुरता मावत असेन.