पुलाच्या अलीकडे

कोपरीत, औषधांच्या दुकानावर माझी खोली.
दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा,
आधीच्या भाडेकरूचं कॅलेंडर.
हरेश्वर नाखवा, वय त्रेसष्ट, चेंदणी कोळीवाडा.
तक्रार : कळवा पूल ओलांडता येत नाही.
लेक पलीकडे, विटाव्याला.
रिक्षा पुलावर चढली की छातीत इंजिन सुरू होतं,
"जुनं, डिझेलचं," तो म्हणाला.
मी फक्त 'धडधड' लिहिलं.

शिकवल्याप्रमाणे आधी बालपणात उतरले.
तीन महिने गाळ उपसला.
सापडला एक दिवस : नऊ वर्षांचा पोरगा,
बापाच्या हातातलं वल्हं, पाठीवरचे वळ,
आणि वरून, पुलावरून, बघत उभी माणसं.
तो रडला. मीही, नंतर, मोरीत.
वाटलं, किल्ली मिळाली.
पुढच्या मंगळवारी तो
पहिल्या दिव्याच्या खांबापासून परत आला.

मग खांब मोजले.
आज एक, परवा दोन,
घाबरलास तर थांब, पळू नकोस.
हे लागू पडलं. कमी लेखणार नाही मी.
उंदरांचे प्रयोग शिकवताना
हसू न देणारे सर आठवले.
दिवाळीपर्यंत अकरावा खांब!
अकराव्यापाशी तो चपला काढायचा,
वाकून पाण्याकडे बघत राहायचा.
तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
मी विचारलं नाही.
बारावा आला नाही.

वहीत लिहा, म्हटलं, पूल पडेल याला पुरावा काय?
त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं : पुरावा नाही.
"पन बाई, पाय कुठं पुरावा इचारतान?"
तरी वहीनं एक केलं.
रात्री तीनचं 'मी मरतोय'
'मला भीती वाटतेय' एवढं झालं,
सदऱ्याच्या खिशात मावेल एवढं.

डॉक्टर मुकादम बाईंनी अर्धी गोळी दिली.
चार वर्षांनी माणूस सलग झोपला.
बायको पेढे घेऊन जिना चढून आली.
मेंदूतल्या रसायनांचं मला फारसं कळत नाही,
पेढ्यांचं कळतं.
"आता म्हावरं सपनात येत नाय," तो म्हणाला.
फॉर्मवर कोरडं तोंड होतं, चक्कर होती,
हे नव्हतं.

मधले काही आठवडे मी नुसतं ऐकलं.
अट नाही, सल्ला नाही.
तो खुर्चीत पसरून बसायला लागला,
आवाज मोकळा झाला,
एकदा तर गायलाही.
आणि मग, दारात वळून :
"तुमी लय चांगल्या हात.
पन नातीला तिकडं दात येतान."

त्या दिवशी मी जरा शहाणपणानं म्हटलं,
नाखवा, ही सगळी जाळीच की,
एकातून निसटतं ते दुसऱ्यात अडकतं.
त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं.
"जाल्याच्या आदी
खाडीत म्हावरं लागतं, बाई."

मग सांगितलं, न विचारता :
काळं पाणी, प्लॅस्टिक, विकलेली होडी,
जाळी वाळत घालायच्या जागी उभा राहिलेला टॉवर,
आणि त्याच टॉवरच्या गेटवर
गणवेशातला तो स्वतः,
आलेल्या गाड्यांचे नंबर लिहिताना.
अकराव्या खांबाखाली त्याची डोल लागायची.
यावर एक धडा होता आम्हांला.
मी ऑप्शनला टाकला होता.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला तो गेला.
पुतण्याची होडी मागून,
भरतीवर, पुलाखालून.
"खालून बगितला त पूल बारका हाय."
चपलांना विटाव्याचा चिखल,
पिशवीत केकचा तुकडा, माझ्यासाठी, चेपलेला.

फाईलमध्ये शेवटचा प्रश्न : अडचण ओलांडली का?
एक सर म्हणतील, टाळली.
एक म्हणतील, बापाच्या वल्ह्यानं बापापाशी जाऊन आला.
एक बाई नुसत्या हसतील, डोळे पुसतील.
मुकादम बाई विचारतील, गोळी चालू आहे ना?
चालू आहे.
मी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं,
खोडलं.

पुढची वेळ चारची देत होते.
त्यानं बोटांच्या पेरांवर तिथी मोजली,
म्हणाला, चारला पाणी चढतं,
मना दोनला बोलवा.