बसून करायचा नाच

जहाज आलं.
तांदूळ आला, मैदा आला, साखरेची चाळीस पोती,
शेवयांची खोकी, डब्यातलं मांस.
ज्या एका पाकिटासाठी मी दोन महिने
किनाऱ्याला डोळे लावून होते
ते नाही आलं.
कारकून म्हणाला, पुढच्या खेपेला, सिस्टर.

माझ्याकडे पट्ट्या उरल्यात एकसष्ट.
बेटावर मोठी माणसं दोनशे चौदा.
तारावाहून बिनतारी यंत्रावर विचारतात,
तुमच्याकडे प्रमाण किती?
प्रमाण.
जणू मी माशाच्या कालवणात मीठ घालते आहे.

प्रमाण मला सांगता येत नाही, माणसं सांगता येतात.
उरिआम पहाटे माडावर चढायचा,
ताडी उतरवता उतरवता वरून गायचा,
खाली आम्हाला वेळ कळायची.
एकदा पायाखाली खाच आहे की नाही
हे पायालाच कळेना.
आता त्याचा मुलगा चढतो. गात नाही.

रोतिआ भट्टीच्या तापल्या दगडावर उभी होती,
बोलत होती शेजारणीशी, पावाच्या भावाबद्दल.
वास आला तेव्हा म्हणाली,
कुणाचं काय जळतंय बघा गं.

आणि दुकानदार बाउरो, जो स्वतः बिनसाखरेचा चहा पितो,
तो साखर उधारीवर देतो.
वहीत त्याच्याकडे जी नावं आहेत
तीच माझ्या वहीत आहेत.
एकदा आम्ही दोघांनी वह्या शेजारी ठेवून पाहिल्या,
मग न बोलता मिटल्या.

त्यालाही काय म्हणू?
बाबाईच्या खड्ड्यांत समुद्र शिरला,
कंद कुजले.
भूक कुजत नाही. तिनं तांदूळ शोधला.

गोड बातमी आणणाऱ्याच्या तोंडात साखर पडते म्हणे.
मी घरोघर कडू बातमी घेऊन जाते,
तरी चहात तीन चमचे पडतात,
पाहुणीला कमी कसं घालायचं?
मी पिते.
एका सकाळी सात घरं होतात.

शनिवारी सभागृहात सगळे जमले.
मानेआबाचं छप्पर एवढं खाली उतरलेलं
की आत शिरताना म्हाताऱ्यांपुढे आपोआप वाकायला होतं.
बाहेर वाळूत चपला.
मी सवयीनं मोजल्या.
एकोणनव्वद.
चपलांची संख्या विषम यावी,
हे तारावाला कसं कळवायचं?
खरं तर विषम आणखी आली असती,
पण तेबुरेआचा उजवा गेलाय आणि काएकाचा डावा,
दोघी मिळून एकच जोड घेतात
आणि रंगावरून भांडतात.
या खेपेला हिरवा. काएका रुसली आहे.

तेबुरेआ उभ्यानं नाचायची.
हात पसरले की समुद्रपक्षी,
मान झटकली की तो पक्षी मासा बघतोय.
मुली तिच्या मागे उभ्या राहून शिकायच्या.
परवा तिनं चटई मागवली.
आमच्याकडे बसून करायचा एक नाच आहे,
जुना, बिनोचा.
मांडीखाली काय आहे, काय नाही,
झावळ्यांच्या घागऱ्यात दिसत नाही.
ती बसली.
हात उचलले.
आणि अख्ख्या छपराखाली एवढी शांतता झाली
की ढोलकीची पेटी बडवणारा पोर हात वर धरूनच थांबला.
पक्षी होता.
तोच होता.
जमिनीच्या जास्त जवळून उडत होता एवढंच.

टाळ्या पडल्या, पाव वाटले, वर साखर भुरभुरलेले.
मी दोन खाल्ले.

रात्री दवाखान्यात कंदील लावला,
दोनशे चौदा नावं पुन्हा वाचली.
माझं नाव त्यात नाही.
मी लिहिलंच नव्हतं, की
लिहिणाऱ्याला धरायचं नसतं असं वाटलं होतं,
आठवत नाही.

हात धुतले.
बोटाला साखर लागलेली असली तर आकडा खोटा येतो,
हे मीच सगळ्यांना सांगते.
पुन्हा धुतले.
एकसष्टातली एक काढली,
आणि तिसऱ्यांदा
हात धुवायला उठले.