‘काढले’च्या चौकटीत

आमच्या घरी कैची म्हणजे आईची.
दापोडीच्या खोलीत ब्लाउजपीस कापणारी,
कागदाला लावली की पाठीत धपाटा.
भोसरीच्या शेडमध्ये दस्तगीरचाचा ओरडले,
पोरी, कैचीखालून बाजूला हो,
तेव्हा मी पायाशी पाहिलं.
ती वर होती. क्रेनला लटकलेली,
बारा मीटर लांब, रेड ऑक्साईड अजून ओला.

मी तिथं चलनं लिहायला होते. बारावी कॉमर्स.
पन्नास-पन्नास-सहाचा अँगल मीटरला साडेचार किलो,
पासष्टचा पाच किलो आठशे.
वजनं पाढ्यांसारखी पाठ झाली,
पण वजन कुठून कुठं जातं, हे चलनावर नसतं.
चाचा सांगत, तेही हातांनीच.
सुतळीची दोन टोकं ओढायची: हा ताण.
झाडूची काडी दोन बोटांत दाबायची,
ती पोटातून बाहेर येते: हा दाब.
दाबातला आखूड ठेव, ताणातला लांब चालतो.
पुढचं मला नाही येत, म्हणाले, आणि काच खाली ओढली.

अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक आणलं.
आत कुणा निंबाळकराचं नाव, वर्ष, वर्ग,
आणि तिसऱ्या धड्यानंतर पेन्सिलीची एकही रेघ नाही.
तो पास झाला असेल.
मी चौथ्या धड्याला दीड महिना अडले.
मग एका रात्री दिसलं,
सांध्यावर येतं तेवढं सगळं फिटलं पाहिजे,
आडवं आडव्याशी, उभं उभ्याशी, बाकी शून्य.
अगं, ही तर तेरीज!

प्रभात रोडला ओगल्यांचं ऑफिस.
डिग्री? नाही. डिप्लोमा? नाही.
मग काय येतं?
तेरीज जुळवता येते, म्हटलं.
ते हसले नाहीत. लग्नपत्रिकेच्या पाठीवर कैची काढली.
यातला एक दांडा काहीच उचलत नाही. कुठला?
मी बोट ठेवलं.
काढून टाकू या?
नको. पत्र्याखाली वारा शिरला
की खालचा लांब दांडा ताणातून दाबात येतो.
तेव्हा त्याला मधे धरायला कुणीतरी लागतं.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
सोमवारी ये. चौदा हजार. सही माझी राहील.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात.
काढले. तपासले. मंजूर.
पहिलीत मी: वै. मा. शे.
दुसरीत, तिसरीत मी नसते.
छप्पर आलं खाली, तर पोलीस त्यांच्या दारात जातील,
माझ्या नाही. समजतं मला.
काही दिवस समजून चालतं.
काही दिवस बस इंजिनिअरिंग कॉलेजच्या चौकात
सिग्नलला फार वेळ थांबते.

गेल्या आठवड्यात चाकणहून फोन. दस्तगीरचाचा.
वैजू, एक भोक सरकलंय. बोल्ट बसेना.
किती?
बारा मिलिमीटर.
कापताना चुकलं असेल कुणाचं.
नाही गं. कागदावरच तसं आहे.

रात्री मी आकडा वीसदा पाहिला.
अडतीस हवे होते, मी सव्वीस लिहिले होते.
तपासलेमध्ये ओगल्यांची सही होती,
पण ती माझ्या चुकीवरून गेली होती,
पुलावरून माणूस जातो तशी, खाली न बघता.
ओगल्यांना फोन केला. ऐकून घेतलं,
म्हणाले, दोघांचं चुकलं. नवी पट्टी पाठव.

आई काज करत बसली होती.
काय गं, जेवली नाहीस?
कैचीत चूक झाली.
तिनं मान वर केली नाही, सुई दातात होती.
मग उसव की. रडतेस काय.

सकाळी पावणेसातची बस.
पिशवीत टेप, खडू, डबा,
आणि तोच कागद, कोपऱ्यात नवी ओळ:
सुधारणा क्रमांक एक.