अर्धं वार्निश

साकीनाक्याच्या गाळ्यात बावीस वर्षं
मी मोटरी भरतोय.
मिक्सर, घरघंटी, पाण्याचे पंप.
एकशे ऐंशी वेढे, मग दोनशे दहा,
तारेचा गेज बोटांनाच कळतो,
वार्निशचा वास जेवतानाही हाताला असतो.

परवा शलाकानं विचारलं,
"पप्पा, पण ती का फिरते?"
म्हटलं, करंट दिला की फिरते.
"ते झालं कधी. का, ते सांग."

मग रात्री, भांडी झाल्यावर, ओट्यावरच
एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड,
फुटक्या स्पीकरातलं चुंबक,
आणि माझ्या खिशातून घरी आलेली हातभर तार.
सेलभोवतीच दहा वेढे दिले,
टोकं दोन्हीकडे सरळ काढली,
ब्लेडनं वार्निश खरवडलं, साफ, चहूबाजूंनी.
जोड कच्चा राहिला तर इद्रिसभाई शिवी देतात.

कॉइल थरथरली.
जराशी वळली, चुंबकाकडे पाहिलं
आणि तिथंच खिळली.
टिचकी मारली. झुलली. पुन्हा तिथंच.
सेल तापत गेला.
मी बावीस वर्षांचा कारागीर,
पोरीसमोर मान खाजवत.

ती म्हणाली, "तिला जायचं होतं तिथं पोचली.
आता कशाला हलेल?"
नवी तार घेतली,
एक टोक माझ्यासारखंच सोललं,
दुसरं ओट्यावर आडवं धरून
वरची बाजू तेवढी खरवडली.
खालचं वार्निश राहू दिलं.
"अर्धा फेरा चुंबक ओढेल.
उरलेल्या अर्ध्यात करंट बंद,
तो तिनं आपल्या वेगावर जायचा."

टिचकी.
एक गिरकी अडखळत, दुसरी,
मग वेढे दिसेनासे झाले,
पिनांमध्ये तांब्याचा नुसता धूर उभा.
खालून पाणी आल्याची हाक आली.
कुणी उठलं नाही.

सकाळी गाळ्यात पहिलाच मिक्सर उघडला.
आर्मेचरच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्या,
पट्टीपट्टीमध्ये बारीक फट.
हॅक्सॉच्या तुकड्यानं तिच्यातली काजळी
रोज काढत आलो,
उस्तादानं सांगितलं म्हणून.
आज तुकडा हातात धरून बसलो नुसता.
इथं सुटतो तर एकीचा हात,
इथंच दुसरी पकडते.

इद्रिसभाईंनी मान वर केली,
"क्या हुआ, जल गया?"
"नाही," म्हटलं,
"फटी मोजतोय."