उभ्यानं

खुर्चीवर कपडे असतात, म्हणून मी उभ्यानं जेवते,
असं मी मला सांगत आले, चार वर्षं.

संडरलंडमधलं हे घर रस्त्याला चिकटून.
खिडकीतून बस दिसते. बसमधून मी दिसत असणार,
सिंकवर वाकून पातेल्यातनंच खाणारी बाई,
एका हातात चमचा, दुसऱ्यात झाकण,
आणि ओठ हलतायत.

ओठ हलतात हे मला डोरीननं सांगितलं.
शेजारीण. एक्क्याऐंशीची. बुधवारी कचऱ्याचा डबा
मी विसरले की माझाही तीच बाहेर ओढते.
"रोज संध्याकाळी कोणाशी बोलतेस गं?"
फोनवर, म्हटलं.

फोन आत, उशीखाली.
मी भांडत होते मृदुलावहिनीशी,
तिच्या जुन्या एका वाक्यावरून :
तुझं बाई बरं, तू सुटलीस.
दहा वर्षं मी त्याला उत्तर रचतेय,
रोज थोडी धार लावून.
भांडी घासता घासता तिला गप्प करते,
आणि ती गप्प झाली
की घरात दुसरं कुणीच बोलत नाही.

मग घड्याळ. हिवाळ्यात साडेपाच मिळवायचे,
उन्हाळ्यात साडेचार.
इथे सहा, म्हणजे साताऱ्यात साडेअकरा,
आईनं कडी लावली असेल, गोळी घेतली असेल का,
जिन्यातला दिवा गेलाय तो अजून तसाच असेल.
आपली अख्खी संध्याकाळ उचलून मी
दुसऱ्यांच्या मध्यरात्रीत नेऊन टाकते.

सर्जरीतली नर्स दंडाला पट्टा आवळत म्हणाली,
झोप?
फाइन.
जेवण?
फाइन.
हा शब्द काही मी इथे येऊन शिकले नाही.
आमच्याकडे त्याला 'चाललंय' म्हणतात.
पट्टा फुगला, सुटला.
आकडा मात्र खरं बोलला.
तिनं तो लिहून घेतला आणि मान वर न करता विचारलं,
"जेवताना बसता ना?"
मी हसले.
ते हसू बसस्टॉपपर्यंतसुद्धा पुरलं नाही.

त्या रात्री खुर्चीवरचे कपडे उचलले.
कोट, दोन कुर्ते, एक पायमोजा,
न उघडलेली पाकिटं,
सगळ्यात खाली किमतीचं लेबल,
खुर्चीच्या पाठीला अजून चिकटलेलं.

बसले. वरणभात ताटात वाढून घेतला.
बसल्यावर छत केवढं लांब गेलं.
सवयीनं वहिनी आलीच.
म्हटलं, बसा.
खुर्ची एकच. ती उभी राहिली थोडा वेळ,
मग कंटाळली असावी.

गुरुवारी पुन्हा उभ्यानंच खाल्लं. शनिवारीही.
लिहिते आहे म्हणून खोटं कशाला सांगू.
घड्याळात अजून मिळवते,
फक्त आता सकाळीच फोन करून विचारते,
गोळी घेतलीस?
आई म्हणते, घेतली. तू जेवलीस?
जेवले, म्हणते. बसून, म्हणते.
तिकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही.
"म्हणजे एरवी कशी जेवतेस?"

डोरीन रोज कुंपणावरून हाक मारते, "ऑल राइट, पेट?"
इकडे पेट म्हणजे बाळ, सोन्या, असलं काहीतरी.
पोस्टमनलाही ती पेटच म्हणते.
माझ्या कानाला मात्र ते मराठीतच ऐकू येतं,
ओल्या काडीला कुणी हळूच सांगावं तसं :
पेट.

काल मी फाइन म्हणाले नाही.
म्हणाले, नाही डोरीन. फारसं नाही.
समुद्राकडून वारा येत होता, तिचे डोळे पाणावले,
वाऱ्यानंच असतील.
डब्याचं हँडल सोडून ती म्हणाली,
"मग चहा ठेव. आणि मला बसायला काहीतरी दे."

दुसरी खुर्ची नाही याची
चार वर्षांत पहिल्यांदा मला लाज वाटली.
बादली पालथी घातली, वर उशी.
तिला खुर्ची दिली.