उशिराचं कारण

लशीचा डबा आळीपाळीनं खांद्यावर घेत
आम्ही दोघी वस्तीवरून निघालो.
सतरा लेकरं टोचून झाली होती. अठरावं पळालं,
ते तुरीत सापडलं.

मेहरुन म्हणाली, सिस्टर, सडकेनं सहा किलोमीटर,
दरीतून चार. आणि मधी धार लागते.
कसली धार?
तिनं नुसती भुवई उडवली.

पाटोद्याच्या अंगाला बालाघाट असाच तुटतो:
तुरीचं रान, तुरीचं रान, बांध,
आणि पुढच्या पावलाला जमीनच नाही.

वाट दाखवायला बिभीषण, इयत्ता पाचवी.
शाळा आणि शेळ्या यांतून
त्यानं आज शेळ्या निवडल्या होत्या.
कमरेएवढ्या गवतात तो पुढं, आम्ही मागं,
साडीला कुसळं, कुसळांना साडी,
धावड्याची मुळी धरत, बुडावर घसरत,
सीताफळांनी डोळे उघडले का बघत.
मेहरुनची चप्पल तुटली.
तिनं ती डब्याच्या पट्ट्यात अडकवली
आणि सरकारला एक शिवी दिली.

आधी आवाज आला.
मला वाटलं, टँकर.
हसू नका. बत्तीस वर्षं मी त्या आवाजाला धावलेय,
पाइप सुटल्यावर आडाच्या बुडाशी
पाणी आपटतं ना, तोच.
हातात कळशी नव्हती, तरी पाय उचलले.
घाणेरीची जाळी संपली
आणि काळ्या कातळावरून ते उभं पडत होतं,
कुणी न मागता,
कुणाची पाळी न लावता.

खाली खडकात रांजणच रांजण,
नदीनं गोटे फिरवून फिरवून कोरलेले.
बिभीषण घरातली माणसं सांगावीत तसं सांगू लागला:
ह्यो शेळीचा.
ह्यो जावयाचा, गेल्या साली त्यो ह्यात पडला.
ह्यात बसा, गळ्याएवढा हाय.
त्या तिकडल्याला बूड न्हाई.
मग न सांगताच पाठ फिरवून
मोठ्या धोंड्यापल्याड गेला
आणि शेळ्यांशी मोठमोठ्यानं बोलत राहिला,
तो तिथंच आहे हे आम्हाला कळावं म्हणून.

माझे भाऊ पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले.
मी काठावर त्यांचे कपडे सांभाळले.

मेहरुन आधी. साडीसकट, बांगड्यांसकट,
या अल्ला, म्हणत.
मी घड्याळ काढलं. ओळखपत्र काढलं.
घोटा. पोटरी.
गुडघ्याला वाटलं, परत फिरावं.
मग एकदम गळा.
तळव्याखाली गोटे गुळगुळीत,
बारके मासे टाचेच्या भेगा टोकत होते.

तांब्या, कळशी, दोन दिवसांआड, दहा दिवसांआड,
एवढीच मापं मला येतात.
ह्याला कुठलं लावावं कळेना
म्हणून कडेचा हात सोडला.
पाय सुटले.
दोन श्वास, फार तर तीन,
आजवर डोक्यावरून वाहिलेल्या पाण्यानं
मला वाहिलं.
मग नाकात गेलं.
मेहरुननं वेणी धरून वर ओढलं.

धोंड्यावर पालथ्या पडलो, सरड्यांसारख्या.
डबा सावलीत. झाकण घट्ट, दोनदा पाहिलं.
बिभीषणानं दोन सीताफळं आणून दिली,
एक पिकलेलं, एक आंधळं.
आंधळं त्यानं स्वतःसाठी ठेवलं.

उपकेंद्रात पोचायला साडेसहा झाले.
रजिस्टरात शेवटचा रकाना: उशिराचं कारण.
केसांतून थेंब पडून शाई फुटली.
मी लिहिलं,
ओढ्याला पाणी होतं.
मेहरुननं वाचलं, ओठ दाबले
आणि खाली सही केली.